अर्धी पोळी

माझी पंधरा वर्षांची भाची अर्ध्या पोळीवरच ताटावरून उठू लागली, तेव्हा मीच कौतुकाने म्हटलं होतं, "किती सडपातळ झालीस गं!" चार महिन्यांत तिची पाळी थांबली, केस गळू लागले, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली. मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, "हे डाएट नव्हे, आजार आहे. ॲनोरेक्सिया."

त्यांच्या सल्ल्याने ताई रोज तिच्याशेजारी, न रागावता, ताट संपेपर्यंत बसू लागली. वर्षभराने भाची सावरली. आधीच गेलो असतो तर?

तुमच्या घरी कुणी जेवण टाळत असेल, तर थांबू नका. २०२२ साली सुरू झालेल्या सरकारी टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. आणि मुलीला 'बारीक झालीस' म्हणण्याआधी तिच्या ताटाकडे बघा.