घसरले की कलंडले?

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे कळंब्याच्या आमच्या घरी आबा न्हाणीघराच्या दाराशी पडले. वय ८१. सुदैवाने हाड मोडले नाही. "फरशीवर पाय घसरला, एवढंच," असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. आम्ही रबरी पायपुसणे आणले, भिंतीला आधाराची दांडी बसवली आणि निर्धास्त झालो.

रात्री परदेशातून भाच्याचा फोन आला. "आबा स्लिप झाले, ट्रिप झाले, की कील ओव्हर?" शेवटचे क्रियापद मला नवे होते. जहाजाच्या तळाशी लांबीभर जो कणा असतो, तो कील. जहाज उलटून तो कणा वर येणे म्हणजे कील ओव्हर होणे. पुढे हे क्रियापद भोवळ येऊन अचानक कोसळणाऱ्या माणसालाही लागू झाले. घसरण्याचे कारण बहुधा पायाखाली सापडते. या पडण्याचे कारण देहात शोधावे लागते.

मी आबांना पुन्हा विचारले, "फरशी खरंच ओली होती का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उसाची गाडी कलंडते बघ, तसा कलंडलो. डोळ्यांपुढं अंधार आला होता. तुम्हाला घोर नको म्हणून बोललो नाही." नेमके क्रियापद त्यांच्यापाशी होते, आम्हीच ते विचारले नव्हते.

डॉक्टरांनी आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर रक्तदाब मोजला. उभे राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर तो दोष मानतात. आबांचा वरचा आकडा ३० ने उतरला. उठताना रक्त पायांकडे ओसरते. वयाने वा काही औषधांनी शरीराचे सावरणे मंदावते आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. डॉक्टरांनी गोळ्यांत बदल केला. असा बदल आपल्या मनाने मात्र कधीही करू नये.

आता आबा जाग आल्यावर अंथरुणाच्या काठावर दोन मिनिटे बसतात, पावले हलवतात, मगच उठतात. कळंबा तलावाच्या बांधावरची संध्याकाळची फेरीही पुन्हा सुरू झाली आहे.

घरातले वडीलधारे पडले, तर "लागलं का?" एवढ्यावर थांबू नये. "पडण्याआधी काय वाटलं?" हेही विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसावे.