‘कोणीच राहत नव्हते’ त्या बेटांच्या आठवणी

१/
३ सप्टेंबर २०१८. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीशांसमोर एका स्त्रीचे चित्रमुद्रित निवेदन दाखवण्यात आले. तिचे नाव लिझबी एलिझे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून ती आपल्या क्रिओल भाषेत बोलली. आपला जन्म १९५३ साली पेरोस बान्होस बेटावर झाला, तेथे आपण सुखात होतो आणि कशाचीही उणीव नव्हती, असे तिने सांगितले.

२/
‘आम्ही सुखात होतो’ हे कोणत्याही आजीच्या तोंडी शोभणारे वाक्य. एरवी त्याला स्मरणरंजन म्हणून सोडून दिले असते. येथे मात्र ते एका साम्राज्याच्या कागदपत्रांविरुद्ध उभे राहिले होते. त्या आठवणींची आणि त्यांच्या किमतीची ही हकीकत.

३/
हिंदी महासागराच्या मध्यात, विषुववृत्ताच्या दक्षिणेस, चागोस द्वीपसमूह आहे. पन्नासांहून अधिक प्रवाळबेटे असली, तरी मनुष्यवस्ती मुख्यतः तीन ठिकाणी होती : दिएगो गार्सिया, पेरोस बान्होस आणि सालोमन. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी तेथे नारळाची लागवड केली आणि राबण्यासाठी आफ्रिकी वंशाचे गुलाम आणले. १८१४ मध्ये बेटे ब्रिटिशांकडे गेली. गुलामगिरी संपल्यावर मजूर म्हणून काही भारतीयही आले. या सर्वांच्या मिश्रणातून एक स्वतंत्र समाज घडला.

४/
त्या समाजाच्या आठवणी कोकणातल्या माणसाला अनोळखी वाटणार नाहीत. माडांची दाटी, झावळ्यांनी शाकारलेली घरे, परसात भाजी आणि कोंबड्या. सकाळी नारळ सोलायचे, खोबरे वाळवायचे आणि नेमून दिलेले काम संपले की मासेमारीला जायचे. मासे किंवा कोंबडी नारळाच्या दुधात शिजवून केलेल्या कालवणाला ते ‘सेराझ’ म्हणतात. शनिवारच्या रात्री ढोलाच्या तालावर सेगा नृत्य रंगे आणि त्यात म्हातारेकोतारेही सामील होत.

५/
हे सारे जितके गोड वाटते तितके गोड होते काय? इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न टाळू नये. जमीन मळेवाल्या कंपनीची होती, घरही तिच्याच मेहेरबानीवर होते. रोख मजुरी अगदी तुटपुंजी. उरलेला मोबदला शिध्याच्या रूपाने मिळे. बेटावरचा व्यवस्थापक हाच मालकाचा प्रतिनिधी, आणि शिक्षा करण्याचा अधिकारही त्याच्याच हाती. या वस्तीचा पाया गुलामगिरीत घातला गेला होता, हेही विसरता येत नाही.

६/
मग हे लोक खोटे बोलत होते काय? नाही. आठवण नेहमी कशाच्या तरी तुलनेत उभी राहते. बेटावर पैसा नव्हता, पण समुद्रात मासा होता, डोक्यावर छप्पर होते, आणि शेजारी आजी-आजोबांच्या कबरी होत्या. त्यानंतर जे वाट्याला आले, त्याच्या शेजारी ठेवले की ‘उणीव नव्हती’ या शब्दांचा अर्थ नीट कळतो.

७/
८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ या नावाची नवी वसाहत निर्माण केली. मॉरिशसला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा अवघी अडीच वर्षे उरली होती. मोबदला म्हणून त्याच्या पदरात ३० लाख पौंड घालण्यात आले. पुढच्याच वर्षी, ३० डिसेंबर १९६६ रोजी, अमेरिकेशी करार झाला. दिएगो गार्सिया लष्करी तळासाठी हवे होते, आणि तेही माणसांवाचून.

८/
अडचण एकच होती. तेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. कायम रहिवासी आहेत असे मान्य केले, तर संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार त्यांच्या हिताची जबाबदारी येणार. म्हणून ही सारी माणसे कंत्राटावर आलेले तात्पुरते मजूर आहेत, अशी भूमिका घेण्यात आली. ऑगस्ट १९६६ च्या एका सरकारी टिपणात त्यांचा उल्लेख काही थोडे ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ असा आहे. जिवंत माणसांना कादंबरीतली पात्रे ठरवले की त्यांना हलवणे सोपे जाते.

९/
हलवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. १९६८ मध्ये पेरोस बान्होसची रीटा बान्कू जखमी मुलीला उपचारासाठी मॉरिशसला घेऊन गेली. मुलगी वाचली नाही. परतीचे जहाज विचारायला गेल्यावर तिला कळले, की बेटे विकली गेली आहेत आणि आता परत जाता येणार नाही. ही वेळ इतर अनेकांवरही आली. दुसरीकडे बेटांवर येणारे अन्नधान्य आणि औषधे आटत गेली.

१०/
१९७१ मध्ये दिएगो गार्सिया रिकामे करण्यात आले. बेटावरची शेकडो पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठीत कोंडून वाहनांच्या धुराने मारण्यात आली. चागोशी माणसांच्या आठवणीत हा प्रसंग खोल रुतलेला आहे. कुत्र्यांनंतर आपली पाळी येईल, अशी धास्ती अनेकांनी घेतली होती.

११/
लिझबीची पाळी २७ एप्रिल १९७३ रोजी आली. लोकांना ‘नॉर्डवेअर’ या जहाजावर अंधारात चढवले गेले. दूर जाणारे बेट दिसू नये म्हणूनच अंधाराची वेळ निवडली, असे ती सांगते. तेव्हा ती चार महिन्यांची गरोदर होती. मॉरिशसला पोचल्यानंतर तिने ते मूल गमावले. त्याच वर्षी काही चागोशी कुटुंबांनी पोर्ट लुई बंदरात जहाजावरून उतरण्यास नकार दिला. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडचे मराठी गिरमिटिये याच बंदरात उतरले होते. तो प्रवास नव्या भाकरीच्या शोधात होता, हा हातची भाकरी सुटल्यामुळे.

१२/
बंदरालगतच्या गलिच्छ वस्त्यांत बेकारी आणि आजारपण वाट्याला आले. घरच्या ओढीने खंगून जाण्याला चागोशी लोक ‘साग्रें’ म्हणतात. अमुक एक जण कशाने गेला असे विचारले, तर ‘साग्रेंने’ असे उत्तर मिळे. १९८२ च्या नुकसानभरपाईच्या वेळी अनेकांनी इंग्रजी कागदांवर अंगठे उठवले. परतण्याचा हक्क आपण सोडत आहोत, हे त्यांना वाचून कळणे शक्य नव्हते. कागदाने त्यांना दुसऱ्यांदा फसवले.

१३/
आता ‘आम्ही सुखात होतो’ या वाक्याकडे पुन्हा पाहावे. त्याचे खरे वजन सुखात नाही, तपशिलात आहे. आई बेटावर जन्मली, आजी-आजोबाही. चर्च येथे होते, विहीर तेथे, आणि अमक्याची कबर त्या माडापाशी. तात्पुरत्या मजुराला आजीची कबर दाखवता येत नाही. सुखाची आठवण रंगवलेली असू शकते. पण तिच्यासोबत आलेला पत्ता खरा असतो. सरकारी दप्तराने जे लपवले, ते या पत्त्यांत टिकले.

१४/
न्यायालयांत चढउतार झाले. रीटाचा मुलगा ऑलिव्हिए बान्कू याने २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयात विजय मिळवला, पण २००४ मध्ये राजाज्ञेने परतीचा मार्ग पुन्हा बंद झाला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ मतांनी ती बंदी कायम ठेवली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या न्यायालयाने १३ विरुद्ध १ मतांनी सल्ला दिला, की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली नाही आणि ब्रिटनने बेटांवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा.

१५/
२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी सार्वभौमत्वाच्या हस्तांतराचा करार केला. मात्र दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनच्या ताब्यात राहील असे त्यात ठरले. म्हणजे ज्यांचे घर दिएगो गार्सियावर होते, त्यांचे घर अजूनही कराराच्या बाहेरच आहे. शिवाय आपल्याला कोणी विचारलेच नाही, अशी अनेक चागोशी माणसांची तक्रार आहे. साठ वर्षांपूर्वीही त्यांना कोणी विचारले नव्हते.

१६/
फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसच्या एका मोहिमेसोबत लिझबी एलिझे पेरोस बान्होसवर उतरली. या वेळी ब्रिटिश पहारा नव्हता. चर्चची पडझड झाली होती आणि सगळीकडे रान माजले होते. तिने आणि तिच्या सोबत्यांनी आधी झाडलोट केली, आणि कबरींवरचे गवत काढले. त्या बेटांवर जन्मलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि दरवर्षी त्यांतली काही जातात. पत्ता ठाऊक असलेल्यांपैकी कोणीतरी हयात आहे, तोवर तो विचारून घेतला पाहिजे.