वाटीचे माप

रेल्वेच्या फलाटांवर पूर्वी वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की रंगीत दिवे फिरत, पोटात काही खडखडे आणि पुठ्ठ्याचे एक चिमुकले तिकीट बाहेर पडे. त्याच्या एका अंगास वजन आणि दुसऱ्या अंगास भविष्य छापलेले असे. २००१ सालच्या पावसाळ्यात नागपूरहून घरी जाताना, गोंदियाच्या फलाटावर बालाघाटच्या छोट्या गाडीची वाट पाहत असता, आम्ही अशा एका यंत्रावर चढलो. भविष्य मोठे आशादायक होते. समाजात आमचे वजन वाढणार होते. तिकीट उलटून पाहिले तो ते वाढून चुकले होते : ९२ किलो. उंची पाच फूट सहा इंच. कायद्याच्या अभ्यासाचे ते आमचे पहिलेच वर्ष. पुराव्याचा कायदा अद्याप शिकायचा होता. तरी एकाच तिकिटाच्या दोन बाजूंपैकी कोणती ग्राह्य मानावी, हे समजण्यास त्याची गरज नव्हती.

आमचे बालाघाट म्हणजे मराठवाड्यातील त्या नावाची डोंगररांग नव्हे, हे कोकण-गोमंतकातील वाचकांस आधी सांगितले पाहिजे. ते वैनगंगेच्या काठचे, गोंदियाच्या उत्तरेचे गाव. एके काळी नागपूर हीच आमची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. आमचे दावे जबलपूरच्या उच्च न्यायालयात जाऊ लागले, परंतु सोयरिकी आणि स्वयंपाक यांनी ती सीमारेषा कधी मानली नाही. हा मुलूख भाताचा. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तो शिजत असता शेजाऱ्यास त्याची वर्दी देणारा सुवास तर त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा आहे. पानात पांढरा भात, त्यावर वरण आणि त्यावर तूप, हे आमच्या आईच्या लेखी सुखाचे संपूर्ण वर्णन होते. तिच्या हाताला ‘पुरे’ हा शब्द ऐकू येत नसे.

घरचे हे भांडवल घेऊन आम्ही नागपुरास गेलो आणि तेथील एका खानावळीने त्यावर व्याज चढविले. तेथील रश्श्यावर तेलाचा बोटभर तवंग असे. सकाळी तर्री-पोहे, रात्री जागरणाच्या निमित्ताने भजी. महिना सहाशे रुपये खानावळीला जात आणि इतर किरकोळ खाण्याचा हिशेब ठेवण्याचे धैर्य आम्हांस नव्हते. वर्गात बाकावर बसताना शेजारचा विद्यार्थी निमूटपणे सरकून घेई. तो काही बोलत नसे. त्याचे ते न बोलणेच आम्हांस अधिक लागे.

गोंदियाचे ते तिकीट खिशात ठेवून आम्ही घरी गेलो आणि परतताना एक वातींचा स्टोव्ह, एक पातेले, एक तवा व एक वाटी घेऊन आलो. वाटीवर वडिलांचे नाव कोरलेले होते. तिच्यापाशीच आमच्या पाकशास्त्राचा आरंभ झाला. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’ने मराठी घरांत वाटी-चमच्याचे माप रूढ केले, त्याचा खरा लाभ आमच्यासारख्या अडाण्यास झाला. ‘अंदाजाने’ हा शब्द ज्याच्या हाताला अंदाज आहे त्याच्यासाठी असतो. आमचा अंदाज तर ९२ किलोंनी सिद्ध केलेलाच होता.

दुसरा गुरू एका मित्राच्या टेबलावर भेटला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली प्रसिद्ध केलेली, भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची ती इंग्रजी पुस्तिका. तीत नुसते तक्ते. पण साक्षीदाराची इतकी सरळ जबानी आम्ही पुढे कोर्टातही क्वचित ऐकली. शंभर ग्रॅम तांदळात ३४५ कॅलरी, तूरडाळीत ३३५, म्हणजे जवळजवळ बरोबरी. मात्र प्रथिने तांदळात सात ग्रॅमही नाहीत आणि डाळीत बावीस. तेलात थेट ९००! ज्या भातास आम्ही आरोपी समजत होतो तो एकटा दोषी नव्हता. त्याच्या मागे तेलाची बाटली दडली होती आणि आमच्या पानात डाळीचे माप फार तोकडे पडत होते. त्या दिवसापासून तेल चमच्याने मोजून पडू लागले : वेळेला एक लहान चमचा, म्हणजे ४५ कॅलरी. भात एक वाटी, वरण दोन वाट्या, भाजी हवी तितकी.

त्याच सुमारास महात्माजींची आत्मकथा पुन्हा वाचनात आली आणि धीर आला. १८८८ साली विलायतेस गेलेल्या या कायद्याच्या विद्यार्थ्याने खर्चाच्या धास्तीने पुढे एकच खोली घेतली, स्टोव्ह विकत आणला आणि सकाळची ओटची लापशी व कोको स्वतः करण्यास आरंभ केला. या कामी वीस मिनिटे लागत, असे त्यांनी लिहिले आहे; दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सांवर आला होता. गंमत अशी की, त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षांबरोबरच ठरावीक मेजवान्यांस हजर राहण्याचीही अट होती. जेवून वकील होण्याची सोय आम्हांस नव्हती, हे एका अर्थी बरेच झाले. नाही तर आम्ही पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो असतो.

आमची वीस मिनिटे मात्र पुष्कळदा पन्नास होत. पहिल्या आठवड्यात डाळ कच्ची राहिली, दुसऱ्यात करपली. ज्वारीची भाकरी हातावर थापली जाईना, तेव्हा ती पोळपाटावर कापडाच्या आधाराने थापली. मग हळूहळू वळण पडले. रात्री मटकी किंवा चवळी भिजत घालावी. सकाळी भिजलेल्या कडधान्याची उसळ व भाकरी करावी. संध्याकाळी उशिरा बाजारात जावे, कारण घरी परतण्याच्या घाईत असलेली भाजीवाली पालक-मेथीच्या शेवटच्या जुड्या निम्म्या दरात देते. अंबाडीची भाजी डाळीत शिजवावी. शेवग्याची शेंग वरणात सोडावी. दोन प्रहरी भूक लागली तर ताक आणि मूठभर फुटाणे. कॉलेजात पायी जावे, म्हणजे बसचे पैसेही वाचतात. असा सारा खर्च महिना चारशेच्या आत बसू लागला आणि चौदा महिन्यांत वजन ७१ किलोंवर आले. यात चमत्कार काहीही नव्हता. महिन्याला दीड किलो, इतक्या मंद गतीने तर आमच्याकडे दिवाणी दावेही पुढे सरकतात.

खरी अडचण पुढेच होती. पहिल्याच दिवाळीस घरी जाताना आम्ही आमच्या नव्या विद्येचा एक पुरावा सोबत नेला. बैहरच्या बाजूचा एक वर्गमित्र गावाकडून कोदो आणी. भाताऐवजी त्याचा उपयोग आम्ही सुरू केला होता, कारण तो स्वस्त पडे आणि पुस्तिकेच्या तक्त्यात तांदळाचा चोथा शंभरात अवघा ०.२ ग्रॅम, तर कोदोचा ९ ग्रॅम दिला होता. थोडक्यात पोट भरल्यासारखे वाटे. घरी आम्ही मोठ्या अभिमानाने कोदोचा भात शिजवला. आईने पातेल्यात पाहिले, मग आमच्या उतरलेल्या गालांकडे पाहिले आणि ती म्हणाली, “आपल्यावर कोदो खायची पाळी आली का रे? मी तुला उपाशी ठेवलं होतं का?” आणि ती माजघरात निघून गेली. आम्ही कॅलरींचे आकडे मांडून युक्तिवाद केला. आज त्या युक्तिवादाची लाज वाटते.

२०११ साली आईला मधुमेहाचे निदान झाले. डॉक्टरांनी औषध दिले आणि भात मोजून खाण्यास सांगितले. औषध ती घेई. मापाचे नाव काढले की मात्र तोंड फिरवी. एका रविवारी कोणास न विचारता आम्ही कोदोची पेज केली. गोंड-बैगांच्या घरी करतात तशी : पातळ, मीठ घातलेली, सोबत कांदा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिने वाटी हातात घेतली, बराच वेळ पाहिली, आणि मग वयाच्या सत्तराव्या वर्षी, आम्ही कधी न ऐकलेली गोष्ट सांगितली. तिचे बालपण बैहर तहसिलीतल्या एका खेड्यात गेले. पावसाळ्यात कणगी रिकामी होई, तेव्हा त्यांच्या घरी महिना महिना हीच पेज असे. कोदोच्या दाण्यावर साली एकावर एक चढलेल्या. त्या कांडून काढताना तिच्या आईच्या हातांना घट्टे पडले होते. शाळेत कोणी विचारले तर ‘भात खाल्ला’ म्हणून सांगावे, अशी घरची ताकीद असे. आपल्या मुलाच्या पानात पांढऱ्या भाताशिवाय काही पडू देणार नाही, अशी शपथ तिने तेव्हाच घेतली होती.

त्या भरल्या पानाचे वजन आम्ही इतकी वर्षे कॅलरींत मोजीत होतो!

पेज तिने संपवली. पुढे आठवड्यातून तीन-चार दिवस ती आपण होऊन मागे. पेजेने मधुमेह बरा होत नाही. औषध अखेरपर्यंत चालू राहिले. पण साखर बरीच आटोक्यात आली आणि आमच्यातला एक जुना दावा तडजोडीने निकालात निघाला. कोकणातील वाचकांस हे अधिक सहज समजेल. उकड्या तांदळाची पेज आणि लोणच्याची फोड यांत गरिबी किती आणि माया किती, हे त्यांस निराळे सांगावे लागत नाही.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. आता कोदो शहरातील दुकानांत सुबक पाकिटांतून मिळतो आणि साध्या तांदळापेक्षा महाग पडतो. आईने ती किंमत पाहिली असती, तर तिला हसू आले असते की राग, सांगवत नाही. २०१९ साली ती गेली.

यंदा आमची मुलगी शिक्षणासाठी जबलपुरास निघाली आहे. तिच्या सामानात आम्ही कोदोची पिशवी ठेवली आणि ओलसर किंवा बुरशी आलेला दाणा कधीही खाऊ नये, अशी ताकीद दिली. २०२४ साली बांधवगडात बुरशी लागलेला कोदो खाऊन दहा हत्ती मेले, हे तिला ठाऊक होते. एक वाटी कोदोला तीन वाट्या पाणी, हेही सांगितले. “कोणती वाटी?” तिने विचारले. वडिलांचे नाव कोरलेली ती वाटी आम्ही तिच्या पातेल्यात ठेवली. तिने ती उलटून नाव वाचले आणि म्हणाली, “बाबा, ही तर फार लहान आहे.”

आमच्या आईचेही नेमके हेच मत होते.