रोपाखालचं पाणी

धारूरच्या घाटात सीताफळ कुणी लावत नाही, ते आपोआप येतं, असं लोक म्हणतात. बालाघाटाच्या मुरमात, दगडाच्या फटीत ते उगवतं हे खरंच आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण नर्सरीतून आणलेलं कलम पहिलं वर्ष पाण्याशिवाय काढत नाही, आणि आमच्या घरात नेमकं तेव्हाच पाणी घालायला माणूस नसतो. दिवाळी झाली की मी आणि मालक कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातो, ते गुढीपाडव्याच्या आसपास परततो. मागं एकट्या आत्याबाई राहतात. त्यांचे गुडघे दुखतात.

जुलै 2023 मध्ये आम्ही माळावर कलमं लावली. त्याच्या थोडं आधी एका शिबिरात पाणी धरणारी भुकटी पहिल्यांदा पाहिली होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं सेल्युलोजपासून ‘पुसा हायड्रोजेल’ तयार केलंय, ते स्वच्छ पाण्यात वजनाच्या साडेतीनशे पट पाणी शोषतं. राजस्थानातल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं, नारायणलाल गुर्जर यांनी, फळांच्या सालीपासून तशीच भुकटी काढली. मी सालीची घेतली, कारण ती काम झालं की मातीत कुजून जाते. पैसे कमी पडले, म्हणून निम्म्याच रोपांना पुरेल एवढी आणली.

घरी आल्यावर आत्याबाईंसमोर दोन पेल्यांत एकेक चमचा टाकली. एकात पागोळीचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. पावसाच्या पाण्यातली फुगून वर आली, बोअरच्या पाण्यातली अर्धीही फुगली नाही. आमचं बोअरचं पाणी खारं आहे, क्षारांमुळं जेलचं फुगणं कमी होतं. आत्याबाईंनी बोटानं चाचपून पाहिलं आणि म्हणाल्या, “भिजवलेल्या जवसावानी बुळबुळीत लागतंय गं. पर ह्यात पाणी कुठून येणार?” त्यांचा प्रश्न बरोबर होता. ही भुकटी पाणी तयार करत नाही, पडलेलं धरून ठेवते. एकराला किलो-दोन किलो पुसा जेल टाकायला सांगतात. किलोभर जेलनं साडेतीनशे लिटर धरलं तरी ते किती, एक सेंटिमीटर पावसातच एका एकरावर चाळीस हजार लिटर पाणी पडतं. रानभर विस्कटून माझं काही भागलं नसतं. मुळाशी घातली तरच उपयोग.

तरी पहिल्या ओळीत मी चुकले. घाईनं भुकटी आळ्यात वरच्यावर टाकली. सरीवर सर आली तशी ती फुगून मातीच्या वर आली आणि दोन दिवसांच्या उन्हात पापुद्रा धरून वाळली. मग पहारीनं खोडापासून हातभर अंतरावर चार भोकं पाडली, वीतभर खोल भुकटी मातीत कालवून घातली आणि वरून काडीकचरा अंथरला. ऑगस्ट कोरडा गेला. देशात 1901 पासून एवढा कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ऑक्टोबरअखेर सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात धारूर होतं.

आम्ही निघालो. फडावरून रोज संध्याकाळी फोन करायचे. भुकटीच्या रोपांना आत्याबाई आठ दिवसांनी घागर घालायच्या, बाकीच्यांना चौथ्या दिवशी. फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं, “मला दोन्हीकडं जाणं होत नाही आता.” कोपीत बसून मी त्यांना म्हणाले, जेवढं जमेल तेवढंच करा. दुसरं काय म्हणणार?

पाडव्याला परत आलो तर साध्या रोपांतली निम्म्याहून जास्त वाळली होती. भुकटीच्या ओळींत मोजून सात गेली, त्यातली पाच त्या पहिल्या, वरवर घातलेल्या ओळीतली. जेल नसतं तर तीही सगळी गेली असती असं मी म्हणणार नाही, आत्याबाईंच्या घागरीनंच ती जगली. पण तिथल्या त्यांच्या खेपा निम्म्या झाल्या.

काळ्या भारी रानात ही भुकटी घालायची गरज नाही, ती माती मुळातच पाणी धरते. माळावर, मुरमाड रानात कलमं लावणार असाल आणि दिवाळीनंतर गाडी भरणार असाल, तर पाऊस असतानाच भुकटी वीतभर खोल घाला. कारखान्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी घालून उपयोग नाही, तेव्हा धरायला पाणीच नसतं.