पांढऱ्या प्लेटची इंडिका

इंडिका घ्यायची हे अप्पांनी ठरवलं. चालवणार मी, हप्ते भरणार मी, गाडी उभी राहणार बंगळूरच्या हेब्बाळला माझ्या दारात. पण निकाल निपाणीहून फोनवर आला. "मागं तिघं बसत्यात का ते बघ आधी. रंगबिंग मागनं." तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. किलोमीटरला किती पैसे पडतात आणि मागं किती माणसं मावतात, एवढ्यावर ते गाडी तोलायचे.

साल 2003. मी तेव्हा जीकेव्हीकेत, म्हणजे कृषी विद्यापीठात नोकरीला होतो. मनात झेन होती, कारण ती चालवायला मजा यायची. बायकोला सँट्रो आवडलेली. अप्पांच्या सांगण्यावरून आम्ही इंडिकेच्या मागच्या सीटवर जाऊन बसलो: मी, बायको आणि मध्ये माझा धिप्पाड मेहुणा. गुडघे पुढच्या सीटला टेकले नाहीत, खांदे एकमेकांत अडकले नाहीत. मेहुणा उतरेचना. तिथेच झेन गेली.

रतन टाटांनी या गाडीचं सूत्र जाहीरच करून ठेवलं होतं. झेनएवढा आकार, आत अँबॅसॅडरएवढी जागा, मारुती 800 च्या आसपास किंमत आणि डिझेलचा खर्च. ऐकायला हे लग्नाच्या जाहिरातीतल्या अपेक्षांसारखं वाटतं, पण पुण्यातल्या इंजिनिअरांनी ते बरंचसं जमवलं. बाहेरचा आकार इटलीतल्या तुरिनच्या आय.डी.ई.ए. या संस्थेने काढला. उत्पादनासाठी निसानचा ऑस्ट्रेलियातला बंद पडलेला कारखाना विकत घेऊन, सुटा करून, जहाजांनी आणून पिंपरी-चिंचवडला पुन्हा उभा केला. प्रकल्पाचा खर्च 1700 कोटींच्या घरात गेला. 1998च्या डिसेंबरात गाडी बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत लाखाच्या वर नोंदणी झाली. पहिल्या गाड्यांबद्दल तक्रारीही पुष्कळ झाल्या. 2000-01 या वर्षात कंपनीला 500 कोटींचा तोटा झाला, तेव्हा टाटांनी मोटारी करण्याच्या भानगडीत पडायलाच नको होतं, असं म्हणणारे कमी नव्हते. 2001 साली सुधारलेली व्ही-टू आली आणि गाडीने बस्तान बसवलं. आम्ही घेतली ती व्ही-टू डिझेल, पांढरी. 2003 सालीच ती 'सिटीरोव्हर' या नावाने इंग्लंडातही विकायला गेली. तिथे तिचं फारसं कौतुक झालं नाही. विलायतेत तिच्या मागच्या सीटवर निपाणीची माणसं बसवून कुणी पाहिलं नसणार.

अप्पांच्या लेखी मात्र हे सगळं 'टेल्को'. कंपनीचं नाव बदलून टाटा मोटर्स झालं तरी त्यांच्या तोंडातून टेल्को गेलं नाही. उभा जन्म त्यांनी निपाणीतून जाणारे टेल्कोचे ट्रक पाहिलेले. एवढं ओझं ओढणाऱ्याला आपण पाच माणसं म्हणजे काय, असा त्यांचा हिशेब.

डिझेल गाडी सकाळी चालू करणं म्हणजे एक छोटा विधीच असायचा. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवर वेटोळ्याचं चिन्ह असलेला हीटरचा पिवळा दिवा लागायचा. तो विझेपर्यंत हात आवरायचा. डिसेंबर-जानेवारीत बंगळूरच्या गारठ्यात दिवा जरा जास्त वेळ रेंगाळायचा. विझला की पूर्ण किल्ली. मग 1405 सीसीचं ते इंजिन घशात खाकरल्यासारखं करून धडधडायला लागायचं. आरशातलं मागचं घर हलायचं, डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ या आवाजाला उठून दूध तापत ठेवायचे.

निपाणीला जायचं तर पाचाच्या आत हेब्बाळ सोडायचं. उड्डाणपूल तेव्हा नवा होता. त्या वेळी त्याच्यावरून जाताना डाव्या-उजव्या हाताला नुसता अंधार आणि तळ्याचा गार वारा. रिंगरोडने तुमकूर रस्ता पकडला, की शिरा, चित्रदुर्ग, दावणगेरे. चित्रदुर्गच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसल्या की पोरगी उठून बसायची, कारण पुढे दावणगेऱ्यात बेण्णे डोसा ठरलेला. महामार्गाचं चौपदरीकरण चालू होतं. कुठे नवा गुळगुळीत पट्टा, कुठे मातीतून वळसा. हुबळी-धारवाडचा बायपास मात्र दोनपदरीच राहिला. समोरून लक्झरी बस अंगावर यायची आणि बायको डोळे मिटून घ्यायची. शेवटी तवंदीचा घाट. तिथे एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या. त्या काळच्या छोट्या गाड्यांचा हा अलिखित नियमच होता. घाट उतरून निपाणीत शिरलं की तंबाखूचा वास.

परतीची गाडी भरणं हे अप्पांचं काम, त्यात कुणी हात घालायचा नाही. डिकीत सगळ्यांत खाली जोंधळ्याचं पोतं आडवं, त्यावर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी. गुळाची ढेप गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात, म्हणजे वळणावर घरंगळणार नाही. कांदा-लसूण चटणीचे डबे मात्र आईच्या पायाशी, कारण तेल सुटलं तर गाडीत महिनाभर वास. एवढं होऊन मागे आई, बायको, पोरगी. पुढे मी आणि अप्पा. मागची चाकं जरा बसायची. अप्पा खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "आनि एक पोतं बसतंय."

24 मे 2008 रोजी विमानतळ एचएएलहून देवनहळ्ळीला गेला आणि आमचं हेब्बाळ शहराची वेस व्हायचं ते वेशीवरचा स्टँड झालं. विमानतळाला जाणारा बहुतेक प्रत्येक माणूस पुलाजवळून जाणार. दोन्ही बाजूंना टॅक्सी लागल्या आणि त्यांत पांढऱ्या इंडिका डोळ्यांत भरण्याइतक्या. लांबून, मागच्या खांबावर चढलेल्या उभ्या लाल दिव्यांवरून, आमची कुठली आणि त्यांची कुठली हे मलाही कळायचं नाही. फरक नंबरप्लेटचा: त्यांची पिवळी, आमची पांढरी. घाईतल्या माणसाचं प्लेटकडे लक्ष जात नाही. सिग्नलला उभं राहिलं की काचेवर टकटक व्हायची: "एअरपोर्टा, सार? एष्टागत्ते?" एकदा पोरगी शाळेच्या गणवेशात मागे बसलेली, आणि बॅग घेतलेले एक गृहस्थ सरळ दार उघडून तिच्या शेजारी बसले. वर तिलाच विचारलं, "शेअरिंग आहे का?" ती शांतपणे म्हणाली, "इदु टॅक्सी अल्ला, अंकल." घरी आल्यावर मात्र तिने जाहीर केलं की उद्यापासून शाळेच्या फाटकापाशी सोडायचं नाही, अलीकडच्या कोपऱ्यावर सोडायचं.

बायकोचंही मत फिरायला लागलं. सोसायटीत स्विफ्ट आल्या, आय-टेन आल्या. 2008 साली कंपनीने इंडिका व्हिस्टा काढली, जुनी व्ही-टू मात्र टॅक्सीवाल्यांसाठी चालूच ठेवली. घरगुती गिऱ्हाइकाने काय समजायचं ते समजून घेतलं. गाडीला टॅक्सीचा शिक्का बसला की संपली, हे बाजाराचं शास्त्र असेल. मला ते कधी पटलं नाही. टॅक्सीवाला भावनेने गाडी घेत नाही. त्याला दिवसभर तीच चालवायची असते, तिच्यावर कर्ज असतं, मागे तिघं आणि डिकीत बॅगा हे त्याचं रोजचं आहे. म्हणजे अप्पांनी जे दोन प्रश्न विचारले तेच तो विचारत होता, आणि त्याच उत्तरावर येत होता. पुलाखालच्या चहाच्या गाड्यावर ड्रायव्हर मंडळी मला आपल्यातलाच धरायची. ॲव्हरेज किती देते, क्लचप्लेट कधी बदलली, कुठला मेस्त्री लुबाडत नाही. एवढं कामाचं ज्ञान मला कुठल्या शोरूमात मिळालं नाही.

2018 मध्ये इंडिकेचं उत्पादन थांबलं. आमच्या आरसीची पंधरा वर्षंही त्याच साली भरली. आरटीओत फिटनेस दाखवून, ग्रीन टॅक्स भरून मी मुदत वाढवून घेतली; पण अप्पांचा प्रवास तोवर बंद झाला होता, पोरगी कॉलेजसाठी पुण्याला गेली होती, आणि मागच्या सीटवर बसायला माणूसच उरला नाही. नवी हॅचबॅक घेतली. तिला सहा एअरबॅग आहेत, मागे बघायला कॅमेरा आहे, धडधड अजिबात नाही. मागे दोघं ऐसपैस बसतात. तिसरा बसला तर तो मध्येच, गुडघे कानाशी घेऊन.

इंडिका घ्यायला शिडलघट्ट्याकडचा एक शेतकरी आला. रेशमाचे कोष बाजाराला न्यायला त्याला गाडी हवी होती. कोष वजनाला हलके, पण जागा फार खातात. त्याने इंजिन ऐकलं नाही, टायर बघितले नाहीत. मागची सीट पाडली, आत ओणवा होऊन हाताच्या वितीने लांबी-रुंदी मोजली आणि मान हलवली. मग भाव पाडायला खोट काढायची म्हणून म्हणाला, "सार, ही घरची गाडी. टॅक्सीवाल्याकडची असती, तर सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालं असतं." मी पाच हजार कमी केले.