आभाळाचा पंचनामा

मामांचा फोन संध्याकाळी सव्वासातला आला. "आरं, आभाळात आगगाडी चाललीय. डबं मोजलं, चाळीसाच्या वर गेलं." मी साताऱ्यात, मामा तासगावच्या पलीकडे त्यांच्या द्राक्षबागेत. त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती, म्हणून मोटार चालू करायला गेले होते. मी गच्चीवर धावलो, तर यवतेश्वराच्या अंगाने ढग भरून आलेले. मला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. या वेळी आवाज दबका. बांधावर गवत गोल जळालंय. अगदी गोल, परकार फिरवल्यासारखं. "उतरलं हुतं म्हणायचं," मामा म्हणाले.

रविवारी गेलो. तोवर बांधावर जत्रा होऊन गेली होती. कुणी राख काड्यापेटीत भरून नेली, कुणी मधोमध उभं राहून फोटो काढले, आणि शेजारच्या एका पोराने तर त्या वर्तुळात मोटरसायकल घालून पाहिली, यंत्र बंद पडतं का म्हणून. ती बंद पडली नाही. पंचनाम्याआधी पुरावा पायदळी जातो, हे आपल्याकडे नवं नाही.

राहिलं होतं तेवढं बसून पाहिलं. वर्तुळ भरलं सात हात. मधोमध तीन दगड, पैकी एक लवंडलेला. दगडांची आतली बाजू काजळीने काळी, बाहेरची कोरी. कडेला अर्धवट जळालेला लोकरीचा गुंता आणि लेंड्या. शेजारच्या रानात पंधरवड्यामागे मेंढरं बसवली होती, हे मामांनाच आठवलं. धनगरांनी चूल मांडली असणार, ठिणगी वाळल्या कुसळीत गेली असणार. वारा पडलेला असेल तर गवतातली आग सगळीकडे सारख्याच वेगाने सरकते आणि विझते तेव्हा मागे गोल उरतं. पण मला पटवलं ते हरळीने. राखेतून तिचे पोपटी कोंब वर आले होते, चांगले बोटाच्या पेराएवढे. हरळी कितीही चिवट असली, तरी तीन दिवसांत एवढी येत नाही. म्हणजे जाळ आधीचा, आगगाडी नंतरची.

मामांचा चेहरा उतरला. "म्हंजे मी खोटं बोललो?"

"नाही मामा. तुम्ही पाहिलं ते खरं, जळालं तेही खरं. दोघांची सोयरीक तेवढी आपण लावली."

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याचं वजन किती होतं यावर चर्चा सुरू होते. उडत्या तबकड्यांच्या निम्म्या गोष्टी अशाच जुळलेल्या आहेत असं माझं मत आहे. आभाळात काहीतरी दिसतं आणि जमिनीवर काहीतरी सापडतं. दोन्ही अस्सल असतात, फक्त एकमेकांचे नसतात.

आगगाडीचं कोडं सोपं होतं. स्टारलिंकचे उपग्रह घोळक्याने सोडतात. पहिला साठांचा घोळका मे २०१९ मध्ये गेला. सोडल्यानंतरचे काही दिवस ते एकामागोमाग एक, माळेसारखे जातात. आपल्याकडे अंधार पडलेला असतो, पण त्यांच्या उंचीवर अजून ऊन असतं, म्हणून ते चमकतात. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे मानसानंच सोडलेलं. मग भ्यायचं का न्हाई?" याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

डोळे साक्ष देतात, पण शब्द उसने घेतात. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकी वैमानिकाला माउंट रेनिअरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. त्याने वर्णन केलं ते त्यांच्या चालीचं, पाण्यावर बशी भिरकावली की ती जशी टप्पे घेत जाते तसं. वर्तमानपत्रांनी चाल सोडली आणि बशी उचलली. त्यानंतर लोकांना बश्याच दिसू लागल्या. आपल्याकडे कृष्णेच्या घाटावर पोरं चपटा दगड फेकून पाण्यावर भाकऱ्या काढतात. अर्नोल्ड वाईचा असता तर जगभर उडत्या भाकऱ्या दिसल्या असत्या. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात आणि मराठवाड्यात रात्रीच्या दिव्यांनी गावंच्या गावं जागी ठेवली, तेव्हा ते दिवे ड्रोन होते आणि मागे चोर होते. आज्जीच्या काळात तोच दिवा चकवा झाला असता.

अनुभवी माणूसही यातून सुटत नाही. सातारा जिल्हा फौजींचा; आपशिंग्याच्या नावापुढे तर 'मिलिटरी' लागलेलंच आहे. रात्रपहाऱ्याची सवय असलेल्या डोळ्यांवर कोण अविश्वास दाखवेल? पण २०१२-१३ मध्ये लडाखच्या सीमेवर लष्कराने महिनोन्महिने ज्या तेजस्वी वस्तूंच्या नोंदी ठेवल्या, त्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासल्या तेव्हा गुरू आणि शुक्र निघाले. जवानांची यात नाचक्की झाली असं मला वाटत नाही. त्यांनी वेळा टिपल्या होत्या, म्हणून तर छडा लागला.

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. पण कांकण हातात असूनही ते कुणाचं हे कळत नाही, अशी वेळ येतेच. ब्राझीलमधली गोष्ट आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये रिओच्या एका वर्तमानपत्रातल्या स्तंभलेखकाला पत्र आलं. उबाटुबाच्या किनाऱ्यावर एक तबकडी फुटताना पाहिली, सोबत तुकडे पाठवतो आहे. खालची सही लागत नव्हती. तुकडे मॅग्नेशियमचे होते, आणि एवढं शुद्ध मॅग्नेशियम पृथ्वीवर बनतच नाही असा डांगोरा वर्षानुवर्षं पिटला गेला. पुढे कोलोरॅडो विद्यापीठात एडवर्ड कॉन्डन यांच्या समितीने तपासलं, तेव्हा एका अमेरिकी कंपनीचं मॅग्नेशियम त्याहून शुद्ध निघालं. पण शुद्धतेच्या आधीच तो पुरावा पडला होता असं मी म्हणेन. धातू होता; तो उचलणारा माणूस, जागा, वेळ यातलं काहीच हाती नव्हतं. आपल्याकडचा तलाठीसुद्धा असा पंचनामा करणार नाही.

त्याच्या शेजारी सिंदेवाही ठेवून पाहा. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेशात लोकांनी आभाळात जळत जाणारे पट्टे पाहिले. आमच्या घरच्या व्हॉट्सॲपवर ते चित्रण अर्ध्या तासात आलं, सोबत क्षेपणास्त्रापासून परग्रहवासीयांपर्यंत सगळे तर्क. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक कडं पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. जवळच पवनपारला एक गोळा सापडला. पोलिसांनी वस्तू ताब्यात घेतल्या, इस्रोचे शास्त्रज्ञ पाहून गेले. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणार होता. इथे साक्षीदार हजारो, वस्तू हातात, जागा आणि वेळ ठाऊक, आणि वर आकाशातली नोंदवही जुळलेली. गाठ पक्की बसते ती अशी.

साताऱ्याच्या माणसाला हे लिहिताना नरेंद्र दाभोलकर आठवणारच. जन्म साताऱ्याचा, डॉक्टर झाले ते मिरजेत, म्हणजे दोन्ही जिल्हे त्यांचे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. समितीकडे भानामतीची प्रकरणं यायची: घरावर दगड पडतात, कपडे पेटतात. परग्रहावरच्या यानापेक्षा हे प्रकार तपासायला कठीण, कारण पुरावा रोज नव्याने पडतो आणि घरातलं कुणीतरी त्यात गुंतलेलं असतं. कार्यकर्ते आधी ऐकून घ्यायचे. कधी, कुठे, त्या वेळी घरात कोण होतं, कोण नव्हतं. बहुतेक वेळा धागा घरातल्याच एखाद्या कोंडलेल्या जिवापाशी पोहोचायचा, आणि त्याची चारचौघांत शोभा न करता तो सोडवायचा असायचा. संशय घ्यायचा तो घटनेवर, माणसावर नाही; ही रीत मला इथल्याच मातीत मिळाली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला.

आणि दुसरे कोल्हापूरचे, जयंत नारळीकर. जीवसृष्टी पृथ्वीबाहेरून आली असावी हा विचार त्यांना मनापासून आवडणारा. २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून त्यांच्या पुढाकाराने सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. दुसऱ्या खेपेला जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या. एकीला फ्रेड हॉइल यांचं नाव मिळालं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. अतिनील किरणांपुढे त्या आपल्या नातलगांपेक्षा जास्त तग धरणाऱ्या. ज्याला हवं ते सापडलं असं म्हणायला याहून चांगली संधी कोणती? तरी जाहीर झालं ते एवढंच, की हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असं यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. आवडत्या तर्काला स्वतःच उंबऱ्याबाहेर थांबवून ठेवणं, हे दुसऱ्याचा दावा खोडण्यापेक्षा फार अवघड काम आहे. बांधावरची हरळी पाहून मला जो आनंद झाला होता, त्याची पुढे थोडी लाजच वाटली.

कारण मामांचं एक म्हणणं बाकी आहे. माळेतला एक दिवा सुटला आणि दंडोबाच्या डोंगराकडे गेला, असं ते अजून सांगतात. विमान असेल, असं मी म्हणालो. "इमान मला कळतंय," ते म्हणाले. माझ्यापाशी त्यावर काही नाही. अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत १२,६१८ नोंदी तपासल्या आणि ७०१ नोंदींपुढे ओळख पटली नाही असं लिहून वही मिटली. मामांचा दिवा मी त्या रकान्यात टाकला आहे. त्या रकान्याचं नाव 'परग्रह' असं नाही, आणि 'थाप' असंही नाही.

तुम्हाला काही दिसलं तर घड्याळ पाहा, दिशा पाहा, किती वेळ दिसलं ते मोजा. हात लांब करून मूठ धरली की आभाळाचा साधारण दहा अंश भाग झाकतो. जमिनीपासून किती मुठी वर होतं ते लिहा. रानात पेटी, गोळा किंवा पत्रा पडला तर उघडू नका, हात लावू नका, पोलीस पाटलाला बोलवा, आणि जमलेल्या पोरांना चार पावलं लांब ठेवा. मामांच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाखाली, आता पेन्सिलीने लिहिलेलं आहे: ७.१२, एक दिवा, दंडोबाकडं.