परक्या मातीतला खड्डा

हिरव्या रानात एक बाई विवस्त्र उभी आहे. पोकलेन येतं आणि तिच्या भोवतीची माती उपसू लागतं. अर्ध्या तासाहून थोडी मोठी चित्रफीत. शेवटी बाईच्या पायांखाली जमिनीचा तेवढाच तुकडा उरतो, भोवती नुसता चर. ती जागची हलत नाही. सोयीचं पार्श्वसंगीत नाही, यंत्राची घरघर आहे.

ही ग्वाटेमालाची कलावंत रेजिना होसे गालिंदो. 'टिएरा', म्हणजे माती, हे तिचं २०१३ चं काम. त्याच वर्षी तिच्या देशात माजी हुकूमशहा रिओस माँत याच्यावर इशिल माया लोकांच्या वंशसंहाराचा खटला चालला होता. आधी यंत्रानं खड्डा खणायचा, मग माणसं मारून त्यात लोटायची, अशी साक्ष तिथे झाली. १० मे रोजी ८० वर्षांची शिक्षा झाली आणि दहाच दिवसांत घटना न्यायालयानं ती रद्द केली.

पण चित्रफितीतलं रान ग्वाटेमालातलं नाही, फ्रान्समधलं आहे. ल्यूसी आणि होर्हे ओर्ता या कलावंत दांपत्याच्या 'ले मुलाँ' केंद्रानं हे काम करवून घेतलं. हे मला बराच काळ खटकत असे. साक्ष एकीकडची, माती दुसरीकडची! कलावंतांना जागा, पैसे आणि निवांतपणा देणाऱ्या अशा ठिकाणांत दुःखाचंही पर्यटन होतं की काय, असा कुजकट संशय येतो.

कारण गालिंदोचं सुरुवातीचं काम घरच्याच रस्त्यावरचं. १९९९ मध्ये राजधानीतल्या टपाल कार्यालयाच्या कमानीला लटकून तिनं स्वतःच्या कविता वाचल्या, कागद खाली भिरकावले. २००३ मध्ये माँतला निवडणूक लढवायची मुभा मिळाली, तेव्हा रक्तानं भरलेल्या भांड्यात पाय बुडवत ती घटना न्यायालयापासून राष्ट्रीय प्रासादापर्यंत अनवाणी चालत गेली. मागे पावलं उमटत राहिली. तिथे जागा बदलली असती तर अर्थच उरला नसता.

'टिएरा'त मात्र जागेचं नाव गाव काहीच दिसत नाही. अशी जमीन कुठेही असते, आणि पोकलेनही. संशय जरा सैल होतो. पुरता जात नाही.

२०१७ ला डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनासाठी ती जर्मनीतल्या कासेलला गेली. 'ला सोम्ब्रा' या चित्रफितीत लेपर्ड रणगाडा तिच्यामागे लागतो आणि ती धावत सुटते. चित्र म्हणून मला हे जरा ढोबळ वाटतं. पण रणगाडे बनवणारा कारखाना कासेलमध्येच आहे. इथे पाहुणीनं थेट यजमानांचंच कपाट उघडलं.